मार्कोकडे जहाजं होती, रेशन नव्हतं

आधीच सांगून ठेवते, 'द एक्सपान्स' बघितली नसेल आणि बघायची असेल तर इथेच थांबा, कारण मी शेवटपर्यंतचं सगळं फोडणार आहे. सहा सीझन, ६२ एपिसोड, डिसेंबर २०१५ ला सुरू झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये संपली. मधे २०१८ मध्ये तीन सीझननंतर सायफाय चॅनेलने बंदच केली होती, मग लोकांनी एवढा आरडाओरडा केला की अ‍ॅमेझॉनने उचलली. मी तिसऱ्यांदा बघून संपवली ती यावेळी साताऱ्याला मामांच्या घरी, त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि मी तीन आठवडे तिथून वर्क फ्रॉम होम करत होते. रात्री जेवणं झाली की दोन एपिसोड. मामांना इंग्लिश सबटायटल वाचायला वेळ लागतो म्हणून मी पॉज करून करून सांगायचे.

मामा आर्मीत होते, पण बंदूकवाले नाही, एएससीत, म्हणजे आर्मी सर्व्हिस कोअर. ट्रक चालवायचे. झोजिला बंद व्हायच्या आत लेहला अख्ख्या हिवाळ्याचं धान्य, रॉकेल, डाळ, दूध पावडर पोचवायची असते, त्या कॉन्व्हॉयमध्ये त्यांनी कितीतरी उन्हाळे काढले. हे आधी सांगितलं कारण ही सिरीज मी दोनदा बघितली होती आणि दोन्ही वेळा जहाजं बघितली होती, यावेळी मामांनी मला वेगळंच काहीतरी बघायला लावलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काही शतकं पुढचा काळ. पृथ्वी युनायटेड नेशन्सच्या हातात, मंगळ स्वतंत्र आणि लष्करी शिस्तीचा, आणि लघुग्रहांच्या पट्ट्यात राहणारे बेल्टर्स, जे दोघांसाठी राबतात आणि पाणी अन् हवासुद्धा विकत घेतात. सीरीजच्या सुरुवातीलाच सेरेसवर एक माणूस गर्दीसमोर ओरडत असतो की या सेरेसवर एकेकाळी बर्फच बर्फ होता, हजार पिढ्यांना पुरेल एवढा, तो आतल्या ग्रहांनी नेला. आणि आता त्याच सेरेसवर शनीच्या कड्यांमधून बर्फ ओढून आणावा लागतो. सेरेस खरा आहे बरं का, १८०१ मध्ये सापडला, व्यास साधारण ९४० किलोमीटर आणि त्यात बर्फ भरपूर आहे. म्हणजे भांडणाचं मूळ पहिल्या दहा मिनिटांत समोर ठेवलंय, पाणी कुणाचं.

आता शस्त्रांकडे येते, कारण मला ते मनापासून आवडतं.

या सिरीजमध्ये लेझर नाहीत, शील्ड नाहीत. तीनच गोष्टी आहेत. लांबून टॉर्पेडो. मधल्या अंतरावर रेलगन, म्हणजे दोन रुळांमधून प्रचंड करंट सोडून धातूचा तुकडा फेकायचा, त्यात स्फोटकं काही नसतात, वेग हेच शस्त्र. आणि जवळ आलेल्या टॉर्पेडोला फोडायला पीडीसी, म्हणजे मिनिटाला हजारो गोळ्या सोडणाऱ्या फिरत्या तोफा. पीडीसी तर आत्ताही आहेत, आपल्या नेव्हीच्या कितीतरी जहाजांवर एके-६३० असते, सहा नळ्यांची, ३० मिलिमीटरची, तिचं काम हेच की येणारं मिसाइल शेवटच्या क्षणी हवेत फोडायचं. रेलगनचाही प्रयत्न झालाय. अमेरिकन नेव्हीने डिसेंबर २०१० मध्ये डाल्ग्रेनला ३३ मेगाज्यूलचा शॉट मारून दाखवला होता, पण नळी फार लवकर झिजायची, एवढी वीज जहाजावर आणायची कुठून हा प्रश्न होताच, २०२१ मध्ये तो प्रोग्राम गुंडाळला. सिरीजमध्ये हे दोन्ही प्रश्न फ्युजन रिअ‍ॅक्टरने आणि दोन-तीनशे वर्षांनी सोडवलेत असं धरायचं. सिरीजचे शोरनर नरेन शंकर यांची अप्लाइड फिजिक्समध्ये कॉर्नेलची पीएचडी आहे, ते जाणवतं.

पहिल्या सीझनच्या चौथ्या एपिसोडमधला तो सीन. डोनेजर हे मंगळाच्या ताफ्यातलं मोठं जहाज, त्यावर कुणीतरी अनोळखी जहाजं हल्ला करतात. आपली माणसं, म्हणजे सिरीजची मुख्य पात्रं, एका केबिनमध्ये कोंडलेली, बाहेर काय चाललंय त्यांना काही दिसत नाही, फक्त जहाज थरथरतंय. शेड, जो मेडिकलचं काम बघतो, तो बोलतोय, आणि बोलता बोलता त्याचं डोकं नाहीसं होतं. बस्स. समोरासमोरच्या दोन भिंतींना दोन भोकं, आणि हवा बाहेर चाललीय. बाकीच्यांना त्याच्यासाठी थांबायला वेळ नाही, आधी भोकं बुजवायची, नाहीतर सगळेच गेले. मामांनी मला पॉज करायला लावलं. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "त्याला कुणी मारलं नाही गं, तो मधे आला."

मी हा सीन आधी दोनदा बघून हे शब्दांत पकडू शकले नव्हते. त्या जहाजावर गोळी सोडणाऱ्याला शेड नावाचा माणूस आहे हेच माहीत नाही, हजारो किलोमीटरवरच्या एका ठिपक्यावर त्याने तुकडा फेकला. म्हणूनच पुढे लढाईच्या आधी सगळे सूट घालतात आणि जहाजातली हवा काढून घेतात, म्हणजे भोक पडलं तरी हवा जायला नको. हा तपशील मला फार आवडतो.

दुसरं शस्त्र म्हणजे वजन. म्हणजे गुरुत्वाकर्षण. एपस्टाइन ड्राइव्ह या इंजिनामुळे जहाजं दिवसच्या दिवस जोर लावत राहू शकतात, अर्ध्या वाटेत उलटं फिरून ब्रेक मारायचा, आणि लढाईत एकदम आठ-दहा जी, म्हणजे पृथ्वीवरच्या वजनाच्या आठ-दहा पट. माणूस सीटमध्ये चेपला जातो, मेंदूत रक्तस्राव होऊ नये म्हणून सुईतून औषधांचं मिश्रण अंगात जातं, त्याला ते लोक ज्यूस म्हणतात. ज्याने हा ड्राइव्ह शोधला तो सॉलोमन एपस्टाइन पहिल्याच टेस्टमध्ये मरतो, कारण इंजिन अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त चाललं आणि बंद करायला त्याचा हातच उचलेना. दुसऱ्या सीझनमध्ये ते दाखवलंय, एक माणूस खुर्चीत बसून मरतो एवढंच आहे, पण बघवत नाही.

आणि बेल्टर्स कमी गुरुत्वाकर्षणात वाढलेले, उंच, हाडं नाजूक. पहिल्याच एपिसोडमध्ये पृथ्वीवर एका बेल्टरला हुकांना टांगून ठेवलेलं असतं, दुसरं काही करायची गरजच नाही, पृथ्वीचं वजनच त्याचा छळ करतंय. आणि समोर उभ्या असतात क्रिस्जेन अवसरला, युनायटेड नेशन्सच्या बड्या अधिकारी, आपल्या साडीत, शांत. मला अवसरला फार आवडतात, नावातच तेलुगू घर दिसतं, शोहरे अगदाश्लू यांनी तो आवाज काय लावलाय, पण हा सीन मी कधी विसरत नाही. पुढे या बाईत जो बदल होतो तो इथून मोजायचा असतो.

तर युद्ध कशासाठी. पहिलं मोठं युद्ध पृथ्वी आणि मंगळाचं, ते गॅनिमीडवरून पेटतं. गॅनिमीड म्हणजे बाहेरच्या ग्रहांचं कोठार, मोठाले आरसे लावून सूर्यप्रकाश आणतात आणि शेती करतात. तिथे दोन्हीकडच्या सैनिकांवर एक भलताच प्राणी सोडला जातो, प्रोटोमॉलिक्यूल नावाचा, सजीवांना बदलून टाकणारा परका पदार्थ वापरून बनवलेला, म्हणजे एक कंपनी आपल्या मालाचा डेमो देत असते, आणि दोन्ही बाजूंना वाटतं समोरच्याने आधी गोळी झाडली. या युद्धात कुणालाच काही मिळवायचं नाहीये! जमीन नको, पाणी नको. फक्त समोरच्याने आधी मारलं तर काय ही भीती. मंगळाकडे पृथ्वीच्या आसपास लपवलेले पाच स्टेल्थ प्लॅटफॉर्म आहेत, अण्वस्त्रं घेऊन बसलेले. तिसऱ्या सीझनमध्ये पृथ्वीवाले ठरवतात की पाचही एकाच क्षणी रेलगनने उडवायचे. चार उडतात. पाचवा उडायच्या आत मिसाइल सोडतो आणि दक्षिण अमेरिकेत लाखो माणसं मरतात. पाचपैकी चार म्हणजे परीक्षेत ८० टक्के, इथे त्या ८० टक्क्यांचा अर्थ एक अख्खं शहर. तो एपिसोड बघितल्यावर मी रात्री बराच वेळ जागी होते.

पण खरं लिहायचंय ते मार्को इनारोसबद्दल, बेल्टर्सच्या बंडखोर पुढाऱ्याबद्दल.

मधे काय होतं की प्रोटोमॉलिक्यूलमुळे एक मोठी रिंग तयार होते, आणि तिच्यातून १३०० पेक्षा जास्त नव्या सूर्यमालांची दारं उघडतात. सगळीकडे राहण्यासारखे ग्रह. ऐकायला किती छान, पण बघा काय होतं. मंगळाच्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या एकच काम केलेलं, मंगळावर मोकळी हवा आणायची, जी आपल्या नातवंडांनाही दिसणार नाही हे माहीत असूनही. आता तयार हवा दाराबाहेर आहे, मग कशाला खपायचं? लोक निघून जातात, लष्कर कमी होतं. बॉबी ड्रेपर, मंगळाची मरीन, काय भारी सैनिक ती, लढाऊ जहाजं मोडीत काढायच्या कामाला लागते. तिथूनच शस्त्रं काळ्या बाजारात जायला लागतात. आणि बेल्टर्सची हाडंच अशी की नव्या ग्रहांवर त्यांना राहता येत नाही. नेओमी, मुख्य पात्रांमधली बेल्टर, चौथ्या सीझनमध्ये इलुस या नव्या ग्रहावर औषधं घेऊन उतरायचा प्रयत्न करते, तिला जमत नाही, परत जहाजावर यावं लागतं. म्हणजे सगळी माणूसजात दारातून पलीकडे जाणार आणि बेल्टची कुणाला गरजच उरणार नाही. ही भीती खोटी नाही. मार्को जे बोलतो त्यातलं अर्ध्याहून जास्त खरं आहे, म्हणून तर तो धोकादायक आहे.

मार्को काय करतो, लघुग्रहांना मंगळाचं स्टेल्थ कोटिंग, म्हणजे रडारपासून लपवणारा थर, लावतो आणि पृथ्वीच्या दिशेने ढकलून देतो. बस, एवढंच. अणुबॉम्ब नाही, रिअ‍ॅक्टर नाही, दगड. पाचव्या सीझनमध्ये पहिला दगड आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ समुद्रात पडतो आणि आधी सगळ्यांना वाटतं नैसर्गिकच आहे. हे मला अजिबात कल्पनेतलं वाटत नाही. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर जो फुटला तो साधारण २० मीटरचा होता, सेकंदाला १९ किलोमीटर वेगाने आला, सूर्याच्या बाजूने आला म्हणून आधी कुणाला दिसलाच नाही, खिडक्यांच्या काचा फुटून दीड हजाराच्या आसपास लोक जखमी झाले. आणि सिरीज संपल्यावर त्याच वर्षी, २६ सप्टेंबर २०२२ ला, नासाच्या डार्ट यानाने डायमॉर्फोस या छोट्या लघुग्रहाला धडक देऊन त्याच्या फेरीची वेळ अर्ध्या तासाहून जास्त बदलून दाखवली. ते आपल्याला वाचवायलाच केलंय, पण ढकलता येतं हे तर सिद्ध झालं ना. मी लोणारला दोनदा गेलेय. काठावर उभं राहिलं की पलीकडचा काठ १.८ किलोमीटरवर असतो, मधे खाली ते हिरवं पाणी, आणि हे सगळं बसाल्टमध्ये खोदलंय, आपल्या सह्याद्रीचा जो दगड फोडताना ब्रेकर गरम होतो त्या बसाल्टमध्ये. मामांना मी तेच सांगितलं, की मार्कोने पृथ्वीवर लोणार फेकले. तेव्हा ते नीट बसले.

दगड पडल्यावर मार्कोचं भाषण येतं. फ्री नेव्ही नावाने आपला ताफा जाहीर करतो. म्हणणं असं की ग्रहांची हवा तुमची, त्याबाहेरची पोकळी आमची. आणि माझ्या अंगावर काटा आला होता, पहिल्यांदा बघताना, कारण बेल्टच्या बाजूने विचार केला तर मागणी काही चुकीची नाही. मामांनी मात्र भाषण अर्धवट ऐकलं आणि विचारलं, "अगं पोरी, ह्यांचं राशन कुठनं येतंय?"

मी म्हटलं मामा, ते नंतर बघू. पण सीन पुढे गेला तसं मला दुसरं काही दिसेचना. माती पृथ्वीवरून येते, मातीतले जीवाणू पृथ्वीवरून येतात, कोठार असलेल्या गॅनिमीडची आधीच वाट लागलेली. ज्या ग्रहावर दगड टाकतोय त्याच्याच ताटात जेवतोय हा माणूस. आणि जहाजं? ती मंगळाच्या फुटीर अधिकाऱ्यांनी दिलेली. त्यांना बेल्टचं काहीएक पडलेलं नाही. त्यांचा माणूस ड्युआर्टे, त्याला प्रोटोमॉलिक्यूलचा नमुना हवा होता आणि लाकोनिया नावाच्या ग्रहाकडे जायचं दार, आणि आपण तिकडे जाऊन ठाण मांडेपर्यंत सगळ्यांचं लक्ष दुसरीकडे. मार्कोला वाटतं आपण क्रांती करतोय, ड्युआर्टेच्या हिशेबात तो गोंधळ घालायला ठेवलेला माणूस. त्याने दिलेल्या प्रत्येक टॉर्पेडोवर ड्युआर्टेचा हेतू आधीच लिहिलेला होता.

मग सेरेस येतं. शेवटच्या सीझनमध्ये पृथ्वी आणि मंगळाचा ताफा येतोय म्हटल्यावर मार्को सेरेस लढवत नाही, सोडून देतो, आणि जाताना साठा घेऊन जातो. तिथले सगळे बेल्टर्स उपाशी, म्हणजे आता शत्रूने त्यांना खायला घालावं आणि शत्रूचा साठा संपावा. डावपेच म्हणून हुशारीचं आहे हो, पण ते त्याचेच लोक आहेत. मामा इथे खरंच चिडले, ऑपरेशनचा पाय असून उठून बसले. मग त्यांनी एका वर्षीची गोष्ट सांगितली, बर्फ लवकर पडलं आणि त्यांचा शेवटचा कॉन्व्हॉय घाटात अडकला, ट्रकमध्ये पुढच्या पोस्टची दूध पावडर होती, चार दिवस अडकले, यांच्याकडचं खाणं दुसऱ्या दिवशी संपलं, पण त्या पोत्यांना कुणी हात लावला नाही. "ती वरच्यांची होती," एवढंच म्हणाले. मी ही गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा ऐकली, इतकी वर्षं आमच्या घरी येतात जातात, कधी बोलले नाहीत.

कॅमिना ड्रमरने नेमकं हेच पकडलं. ती बेल्टर, मार्कोची कट्टर शत्रू, त्याने तिच्या जवळच्या साथीदाराला, अ‍ॅशफर्डला, मारलं त्याचं दुःख तिला आहेच, पण ती जेव्हा उघडपणे सगळ्या बेल्टला ऐकू जाईल असं बोलते तेव्हा तिचा मुद्दा चोरीचा असतो, की तू आपल्याच लोकांचं खाल्लंस. कारा जी यांनी ते असं म्हटलंय की प्रत्येक शब्द दाताखाली चावून येतो.

पृथ्वीच्या बाजूलाही हाच प्रश्न उभा राहतो आणि तो मला मार्कोपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. दगड पडल्यावर नवा सेक्रेटरी जनरल सूड म्हणून पॅलस स्टेशन उडवतो, त्यात साधी कामकरी माणसं मेली, आणि मग पुढचं सेरेस घ्यायचं म्हणतो. अवसरलांचा नवरा अर्जुन पृथ्वीवर त्या दगडांमध्ये गेलाय. त्या खोलीत सूड मागायचा हक्क कुणाला असेल तर त्यांना. आणि त्याच नाही म्हणतात, उठतात, राजीनामा देतात, आणि मग बाकीचेही उठतात. पहिल्या एपिसोडमध्ये बेल्टरला हुकांना टांगणारी हीच बाई. पाच सीझन लागले तिला त्या खुर्चीतून तशी उठायला.

आणि होल्डनचा टॉर्पेडो. त्यावर लोक अजून भांडतात. होल्डन हा सिरीजचा नायक, त्याचं जहाज रोसिनांटे मार्कोच्या पेला जहाजाला गाठतं, टॉर्पेडो जाऊन लागतो, युद्ध तिथेच संपलं असतं, पण फुटत नाही. होल्डनने स्क्रीनवर मार्कोच्या शेजारी फिलिपला बघितलेलं असतं, नेओमीचा मुलगा, आणि त्याने तो टॉर्पेडो निकामी केला. बॉबीला कळतं तेव्हा ती संतापते आणि तिचं बरोबरच आहे, त्यानंतर जे मेले ते मेले. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा बॉबीच्या बाजूने होते. आता सांगता येत नाही. फिलिप शेवटी बापाचं जहाज सोडून निघून जातो आणि नाव विचारल्यावर फिलिप नागाटा सांगतो, आईचं आडनाव. तो टॉर्पेडो फुटला असता तर हा क्षण नव्हता, आणि हे वाक्य मेलेल्यांच्या घरच्यांसमोर म्हणायची माझी हिंमत नाही.

शेवट असा की रिंगच्या आतल्या स्टेशनवर फ्री नेव्हीने रेलगन बसवलेल्या, बॉबी चिलखत घालून तिथे उतरते, आणि मार्कोला शेवटी मारते ती कुठली तोफ नाहीच. रिंगमधून एका वेळी ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त वस्तुमान आणि ऊर्जा गेली की जहाजं नाहीशी होतात, हे नेओमीने जुन्या हरवलेल्या जहाजांचे आकडे जुळवून शोधलेलं असतं. म्हणजे हिशेबाने मारलं त्याला, कुणी काय किती नेलं याच्या नोंदींनी. मामांना हे इतकं पटलं की त्यांनी हात वर करून टाळी मागितली.

मग तह. दारांमधून होणारी सगळी वाहतूक एका ट्रान्सपोर्ट युनियनकडे जाणार, आणि पृथ्वी-मंगळाला अध्यक्ष म्हणून होल्डन हवा, पृथ्वीचा माणूस. होल्डन पद स्वीकारतो, त्याच बैठकीत राजीनामा देतो आणि ड्रमरला पुढे करतो. बेल्टर बाई अध्यक्ष. पोकळीतली वाहतूक बेल्टच्या हातात. म्हणजे मार्कोने भाषणात जे मागितलं होतं त्यातलं जे खरं होतं ते मिळालं, तो मेल्यावर, आणि अशा लोकांना ज्यांना रोजचा माल कुठून कुठे जाणार याची पर्वा होती. ड्रमर त्या खुर्चीकडे बघते तो सीन मामांनी दोनदा बघितला.

ड्युआर्टेचं काय झालं हे मात्र सिरीजमध्ये येत नाही, तो लाकोनियावर बसलेलाच राहतो आणि सिरीज थांबते. मामांना ते चालेना. मूळ नऊ पुस्तकं आहेत, सातव्यात गोष्ट तीसेक वर्षं पुढे जाते. म्हणून पुण्याला परत आल्यापासून मी वाचते आणि रोज रात्री फोनवर त्यांना सांगते, ते आता वॉकर सोडून काठीवर आलेत. काल लाकोनियाचं पहिलं मोठं जहाज रिंगमधून बाहेर येतं तिथपर्यंत आलो. मी तोफांचं वर्णन करायला लागले तर मधेच थांबवून मामांनी विचारलं, जहाजात माणसं किती आहेत, आणि किती दिवसांचं घेऊन निघालेत?